तीन, आठ, लाभ…

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव सांगेन… वसंतराव सेलूकर सर. लासूर स्टेशनच्या शाळेत ते आम्हाला गणित शिकवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी पदवीधर झालो, शिक्षक झालो, आज शहराच्या छावणी भागातल्या एका शाळेत फळ्यापुढं उभा राहतो, तो सरांमुळं. पण हा लेख त्यांच्यावर नाही. सर आहेत, शहरातच मुलीकडं, माधवीताईंकडं राहतात. थकले आहेत, विसरतात. हा लेख माझा वर्गमित्र दिनकर याच्यावर आहे. तो गेल्याची बातमी मला सरांनीच दिली, आणि अशा तऱ्हेनं दिली की इतके आठवडे झाले तरी ती कानातून जात नाही.

शाळेची मधली सुट्टी नुकतीच संपली होती. मला तास नव्हता म्हणून वह्या तपासत बसलो होतो. फोनवर सरांचं नाव दिसलं. माधवीताईंनी त्यांच्या फोनमध्ये माझं आणि दिनकरचं अशी दोन नावं मोठ्या अक्षरांत करून दिली आहेत, तरी सर स्वतःहून क्वचितच फोन करतात. मी "नमस्कार सर" म्हणालो. मग सर म्हणाले, "दिनकर… अरे, आपला नामदेव गेला रे."

नामदेव म्हणजे मी.

मग हळूहळू उलगडा झाला. दोघांतला एक गेला आणि दुसऱ्याला कळवायचं, एवढं सरांच्या मनात पक्कं होतं. गेला कोण आणि उरला कोण, याची मात्र अदलाबदल झाली होती; फोनवर बोट तेवढं बरोबर नावावर पडलं होतं. दिनकरच्या मुलानं थोड्याच वेळापूर्वी सरांच्या घरी कळवलं होतं… शेंद्र्याच्या कंपनीत, कामावर असतानाच दिनकरचं हृदय थांबलं. हे सगळं मला माधवीताईंकडून मागाहून कळलं. त्या क्षणी मला एवढंच ऐकू येत होतं की सर रडताहेत, आणि माझ्यासाठी रडताहेत. फोन ठेवण्याआधी ते माझ्याबद्दल आणखी काही बोलले. ते मी पुढं सांगेन. आधी दिनकर सांगायला हवा, आणि दिनकर सांगायचा तर एक संख्या सांगायला हवी.

माझे वडील लासूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की ते मोठ्यानं मोजायचे. मोंढ्यात पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. आमच्या घरातही तेच. आई भाकरी मोजायची ती लाभपासून. त्यामुळं एकाचं खरं नावच लाभ आहे, अशी माझी पक्की समजूत होती. पाचवीत सरांनी मला उभं करून फळ्यावरची एक संख्या अंक अंक सुटे करून वाचायला सांगितली. मी खणखणीत आवाजात वाचली, "चार, सात, लाभ, नऊ." अख्खा वर्ग फुटला. सर्वांत मोठ्यानं हसला तो दिनकर. तो जवळच्या एका खेड्यातून यायचा, घरी भरपूर शेती होती, अंगात कायम धुतलेला शर्ट असायचा. मधल्या सुट्टीत त्यानं मला गाठलं. "काय रं लाभ, डब्यात काय आणलं?" त्या दिवसापासून मी लाभ झालो. त्यानं मला नामदेव अशी हाक पुन्हा कधी मारली नाही.

सर मात्र हसले नव्हते. "मोंढ्यातला दिसतोस," म्हणाले, आणि बसायला सांगितलं. पुढं दहावी झाल्यावर मी वडिलांबरोबर काट्यावर जायचं ठरलं होतं, तेव्हा हेच सर भर उन्हात मोंढ्यात आले. वडिलांची मोजणी चालू होती. मापाड्याला मध्येच हटकायचं नसतं, मोजणी तुटते. सरांना ते कुणी सांगितलं होतं कोण जाणे… मक्याच्या ढिगाशेजारी, धूळ खात, तो सगळा ढीग उरकेपर्यंत ते एक शब्द न बोलता उभे राहिले. मग म्हणाले, "आता बोलू का? पोराला शहरात पाठवा. मोजायला तुम्ही शिकवलं आहेच, बाकीचं तो शिकेल." वडिलांनी डोक्याचा रुमाल काढून नुसती मान हलवली. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या मान हलवण्यातून निघालं आहे.

आता ती संख्या. सरांची एक पद्धत होती. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ते खडूनं एक चौकट आखायचे आणि तिच्यात एक कोडं लिहायचे. कोडं सुटेपर्यंत चौकट पुसायची नाही. ज्यानं आधी उत्तर लिहिलं, त्याचं नाव सर स्वतःच्या हातानं खाली लिहीत. नववीत त्यांनी असं कोडं घातलं: एक ते नऊ हे अंक एकेकदाच वापरून नऊ अंकी संख्या करा. डावीकडून पहिला अंक एकानं भागला गेला पाहिजे, पहिल्या दोन अंकांची संख्या दोननं, पहिल्या तिनांची तीननं, असं करत करत अख्खी संख्या नऊनं.

"पहिला आकडा लाभनं भागायचा," दिनकर माझ्याकडं बघत मागच्या बाकावरून म्हणाला. "मंजी तो फुकटच झाला!"

मी त्या कोड्यानं झपाटलो. सुचणं हा माझा प्रांत नाही. मी पायरी पायरीनं चढणारा. पाचव्या जागी पाच असलाच पाहिजे, हे आधी कळलं. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी सम अंक हवेत, म्हणजे उरलेल्या जागी विषम. मग चारची अट, आठची अट, तीन आणि सहाची अट… एकेक दार बंद करत गेलो, आणि शेवटी हातात फक्त दहा संख्या उरल्या. अडचण राहिली ती सातची. पहिले सात अंक सातनं भागले जायला हवे होते. दहाही संख्या एकामागून एक भागून पाहिल्या. नऊंना बाकी उरली. एक तंतोतंत गेली. सकाळी शाळेत जाऊन सर्वांच्या आधी चौकटीत लिहायचं, एवढंच डोक्यात होतं. पण वडिलांचा डबा मोंढ्यात पोचवायचं काम माझ्याकडं असायचं. डबा देऊन, धापा टाकत वर्गात शिरलो, तर चौकटीत दिनकरच्या तिरप्या अक्षरांत लिहिलेलं होतं: ३८१६५४७२९.

"कसं काढलंस?" मी विचारलं.

"काय की. असाच बसलो व्हतो, सुचलं."

'सुचलं.' या एका शब्दाचा मी आयुष्यभर जेवढा हेवा केला, तेवढा कुणाच्या घराचा, गाडीचा, पदाचा केला नाही.

सर आले. त्यांनी डस्टर घेतलं आणि वर्गाला कामाला लावलं. अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस, नऊनं भागा. गेली. सरांनी शेवटचा नऊ पुसला. उरले आठ अंक, आठनं भागा. गेले. दोन पुसला. उरलेले सात सातनं… तेही गेले. एकेक अंक पुसला जात होता आणि जे मागं राहत होतं ते आपली अट पाळत होतं. शेवटी फळ्यावर नुसता तीन उरला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी विचारलं, "अशी आणखी एखादी संख्या आहे का रे?"

"असंल बी सर, नसंल बी," दिनकर म्हणाला, आणि पुन्हा हशा.

मी हात वर केला. फळ्यापाशी गेलो, पाचपासून सुरुवात केली, एकेक दार बंद करत दहा संख्यांपर्यंत आलो आणि सातच्या पायरीवर नऊ खोडल्या. "आता दुसरी नाही, सर," म्हणालो आणि जागेवर येऊन बसलो. वर्गाला फारसं काही कळलं नव्हतं, चुळबुळ चालू होती. सर बराच वेळ फळ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." एवढंच. आणि चौकटीत संख्या पुन्हा पुरी लिहून त्यांनी तिच्याखाली नाव लिहिलं… दिनकर. नियमाप्रमाणं ते बरोबरच होतं. ती चौकट परीक्षेपर्यंत तशीच राहिली. मी रोज तिच्यासमोर बसायचो.

पुढं आम्ही दोघंही शहरात आलो, एकाच कॉलेजात गणित घेतलं आणि छावणीत एक खोली करून राहिलो. स्वयंपाक माझ्याकडं, गप्पा त्याच्याकडं. संध्याकाळी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसायचं आणि येणाऱ्या गाड्यांचे नंबर सातनं भागायचे, हा त्याचा छंद. "चवेचाळीस सतरा!" मी म्हणायचो, आणि ट्रक वळणापाशी पोचायच्या आत तो सांगायचा, "सहाशे एकतीस, बाकी नाय. लाभ, तुजं काय चाललंय, अजून चवेचाळीसच व्हय?" माझं खरोखरच चवेचाळीसच चाललेलं असायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो माझी वही मागायचा, वाचायचा आणि माझ्यापेक्षा जास्त गुण घ्यायचा. वर पेढे मला आणायला लावायचा. रागावणार तरी कसा? मला ताप आला तेव्हा खोलीत बसून डोक्यावर पट्ट्या ठेवणारा तोच होता. हेवा करायला माणूस थोडा तरी वाईट असावा लागतो. दिनकरनं ती सोयही ठेवली नाही.

तो शेंद्र्याला कंपनीत लागला, मी शाळेत. सर निवृत्त होऊन माधवीताईंकडं राहायला आले, आणि आम्ही दोघं आपापल्या सवडीनं त्यांच्याकडं जाऊ लागलो. त्याची सुट्टी आणि माझी सुट्टी जुळत नसे, त्यामुळं बरोबर असं क्वचितच गेलो. मी नोकरी लागल्याचं सांगायला गेलो तेव्हा सर म्हणाले, "छान. दिनकर येऊन गेला परवा. काय डोकं आहे रे त्या पोराचं!" मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो. सर पत्रिका बाजूला ठेवून म्हणाले, "तुला आठवतं का, दिनकरनं ती संख्या कशी चुटकीसरशी लिहिली होती?" मला आठवत होतं. माझ्या शाळेतली मुलं गणितात चमकली म्हणून सत्कार झाला, तो नारळ मी सरांच्या पायाशी ठेवला. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात तसाच असताना म्हणाले, "दिनकर मास्तर झाला असता तर काय बहार आली असती." त्या दिवशी मी त्यांच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थोडा वेळ बसून राहिलो. ज्या माणसानं माझ्यासाठी मोंढ्यात धूळ खाल्ली, त्याच्याकडून आणखी काही मागणं बरं नव्हे, हे कळत होतं. तरी वाटायचं, एकदा… एकदा 'बरं'च्या पुढं काहीतरी म्हणावं.

दिनकरची आणि माझी शेवटची भेट शेंद्र्याला झाली. एका विद्यार्थ्याच्या घरी त्या बाजूला गेलो होतो, दिनकरला फोन केला. तो कामावरून सुटून आला, आम्ही कंपनीबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. पोट सुटलं होतं, केस गेले होते, पण हसणं पाचवीतलंच. निघताना गाडीला किक मारत म्हणाला, "सर तुज्याबद्दल काय बोलतेत, म्हाईत हाय का लाभ?"

"काय बोलतात?"

"नाय सांगत. फुगशील लई."

चेष्टा असणार, असं समजून मी हसलो. त्याचं हे नेहमीचंच होतं.

आता त्या फोनकडं येतो. सर रडायचे थांबले आणि म्हणाले, "मी तुला दर वेळी सांगायचो ना दिनकर… इतकी वर्षं शिकवलं, उत्तर काढणारी पोरं पुष्कळ भेटली. तूही त्यातलाच, हुशार. पण 'आता दुसरी नाही' असं म्हणून खाली बसलेला पोरगा एकच. त्या दिवशी त्या पोरानं मला शिकवलं रे. मला स्वतःला ते तसं मांडता आलं नसतं." आणि म्हणाले, "त्याला हे कधी बोललो नाही. तोंडावर बोललं की पोरं बिघडतात. तू सांगितलं असशील ना त्याला?"

समोर वह्यांचा गठ्ठा होता, शेजारच्या वर्गातून मुलांचा आवाज येत होता. मी म्हणालो, "हो सर. सांगितलं."

खोटं बोललो असं मला वाटत नाही. नुकतंच सांगितलं गेलं होतं.

गावी, दिनकरच्या शेतात त्याला अग्नी दिला. माणसं बांधाबांधावर उभी होती… कंपनीतले, गावातले, छावणीतला आमचा जुना चहावालासुद्धा. ज्याच्या त्याच्याकडं दिनकरची एक गोष्ट होती. तिथंही माझ्या मनात आलंच, की माझ्या वेळी एवढी माणसं येतील का. जे आलं ते लिहितो आहे. तेराव्यानंतर दिनकरच्या बायकोला, मंगलवहिनींना भेटायला गेलो. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यावर लई चिडायचे हो ते."

"माझ्यावर? का?"

"सरांकडून आले की तोंड उतरलेलं. म्या इचारायची, काय झालं? तर म्हणायचे, आजबी लाभचंच पुराण. त्यानं कसं पायरी पायरीनं मांडलं, अन् तो कसा मास्तर झाला. म्या काय सरांचा सावत्र हाय का, म्हणायचे." वहिनी सांगता सांगता हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावून बसल्या.

तेव्हा मला सरांची पद्धत कळली. ते माझ्यापुढं दिनकरचं बोलत, दिनकरपुढं माझं. ज्याचं त्याला कधीच देत नसत. आम्ही दोघं एकाच घरातून वेगवेगळ्या दिवशी तोंड पाडून जिना उतरत होतो. हे कळल्यावर मन हलकं व्हायला हवं होतं, आणि थोडं झालंही. पण खरं सांगायचं तर हेवा गेला नाही. त्यानं फक्त जागा बदलली. माझं सगळं कौतुक दिनकरनं ऐकलं… वर्षानुवर्षं, सरांच्या तोंडून, त्यांचा आवाज चांगला असताना. माझ्या वाट्याला त्यातला एक फोन आला. आणि त्याचं सगळं कौतुक माझ्याकडं पडून आहे. मी ते टपरीवर, कट्ट्यावर, कधीही त्याच्या हातात ठेवू शकलो असतो. आता इथं ठेवतो आहे. दिनकर, सर म्हणायचे, काय डोकं आहे रे त्या पोराचं.

शाळेतून घरी जाताना सिग्नलला थांबलो की समोरच्या गाडीचा नंबर मी सातनं भागू लागतो. दिवा हिरवा होतो, गाडी निघून जाते, माझा भागाकार अर्धाच असतो. मागचे हॉर्न वाजवतात, आणि मला ऐकू येतं ते वेगळंच… 'लाभ, अजून चवेचाळीसच व्हय?' मागच्या आठवड्यात सरांना पत्र लिहिलं. फोनवर बोललेलं त्यांच्या लक्षात राहत नाही, पण कागद ते भिंग घेऊन पुन्हा पुन्हा वाचतात, असं माधवीताई म्हणाल्या. ते पत्र असं:

'तीर्थस्वरूप सरांना नामदेवचा शिरसाष्टांग नमस्कार.

सर, त्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा तुमची थोडी चूक झाली. गेला तो दिनकर. मी नामदेव, मापाड्याचा, मी आहे. माधवीताईंनी तुम्हाला हे सांगितलं आहे, पण तुम्ही कागदावरचं मानता म्हणून लिहितो आहे. वाचून त्रास होईल, माफ करा.

ती संख्या आता मीही माझ्या वर्गात कोपऱ्यात चौकट आखून घालतो. डस्टर घेऊन एकेक अंक पुसत जातो, तुम्ही करायचात तसं. मुलं विचारतात, सर, ही कुणाची? मी चौकटीत तुम्ही लिहिलं होतं तेच नाव लिहितो. एका मुलीनं विचारलं, आणखी अशी आहे का? मी म्हणालो, तू शोध. अजून ती शोधते आहे, मी काही बोलत नाही.

दिनकर तुमच्याकडून माझ्यावर रुसून घरी जायचा, हे मला आता कळलं. मीही जायचो. तो असता तर आम्ही दोघं एकदा बरोबर तुमच्याकडं आलो असतो, म्हणजे तुमची अडचण झाली असती, कुणापुढं कुणाचं बोलायचं.

एक मागणं आहे. पुढच्या वेळी फोन कराल आणि पुन्हा तशीच चूक झाली, मला दिनकर म्हणालात, तरी चालेल. मी दुरुस्त करणार नाही. तुम्ही बोला, मी ऐकून घेईन. तुमचं झाल्यावर मी विचारीन, सर, आणि दिनकर कसा होता? तेव्हा तुम्हाला मी कोण वाटेन ते वाटो, पण त्याचंही बोला.

तुमची मोजणी पुरी होईपर्यंत मी मध्ये बोलणार नाही.

आपला,
लाभ'